तिचं नेट तुटत होतं तेव्हा

बिघाड सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारच्या घरात मिक्सर बंद पडला की मी ओढणी कमरेला खोचून तिथे हजर. नवरा म्हणतो, तुला कुणी बोलावलं होतं का? नसतंच बोलावलेलं. एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे माझ्या या खोडीला लोक हुशारी म्हणतात, आणि बरीच वर्षं मीही तेच समजत होते. त्या हुशारीने काय केलं ते इथे लिहिते आहे. लिहून काही दुरुस्त होणार नाही, हे मला माहीत आहे.

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला, कॉलेजात आम्ही तिघी एका बाकावर बसायचो. मी शहरातल्या बुधवाऱ्याची, दुसरी लालबागची, तिसरी जंगलाकडच्या डोईफोडिया गावची. वर्गात आम्हाला कुणी नावाने हाक मारत नसे. "लालबाग, वही दे." "डोईफोडियाची बस आज पण चुकली वाटतं." गाव-मोहल्ल्यांवरून पडलेली ती नावं आमच्यात अजून चालतात, म्हणून इथेही तीच वापरते.

लालबाग लग्नपत्रिका डिझाइन करते. आई नाही, वडील निवृत्त मास्तर, घरात दोघंच. पत्रिकांच्या कामासाठी घेतलेला तिचा कॉम्प्युटर आमच्यात सगळ्यात दणकट, म्हणून कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने त्यावर ठोकळ्यांच्या एका खेळाचा सर्व्हर सुरू केला. म्हणजे खेळातलं एक अख्खं जग तिच्या त्या डब्यात राहतं, आणि आपण आपापल्या घरून इंटरनेटवरून त्यात शिरायचं. डोंगर, झाडं, गायी, सगळं चौकोनी. हवं ते बांधायचं, पिकवायचं, आणि खालच्या पट्टीत टाइप करून एकमेकींशी बोलायचं. मारामारीचे खेळ आम्हाला कधी जमले नाहीत. हा जमला, कारण यात कुणी घाई करत नाही.

पहिले दोन महिने तो सर्व्हर बाहेरून उघडतच नव्हता. इंटरनेटवाल्याने गल्लीतल्या सगळ्या घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दिला होता, त्यामुळे आम्ही लालबागचं दार ठोठावतोय हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. मी त्या माणसाच्या इतकी मागे लागले की एक दिवस तो कंटाळून शिडी घेऊन आला आणि लालबागला स्वतंत्र पत्ता देऊन गेला. त्या संध्याकाळी मी माझ्या घरात बसून तिच्या जगात पाय ठेवला. दोन दिवस मी हवेत होते.

डोईफोडियाने त्या जगात शेत केलं. तिच्या वडिलांचं शेत जंगलाला लागून आहे, तसंच हेही. खेळात कापूस नाही, म्हणून तिने सऱ्यांमध्ये लोकरीचे पांढरे ठोकळे लावले. केळीही नाहीत, तर लाकडाच्या बुटक्या खांबांवर पानांचे ठोकळे चढवून तिने केळीचा बाग उभा केला. मी तिला मदत करायला गेले आणि दोन ओळी जवळजवळ लावल्या, तर तिने मला त्या उपटायला लावल्या. "घड कापायला माणूस कुठून जाईल?" असं तिने लिहिलं. खेळातल्या केळीला घड येत नाही हे मी सांगून पाहिलं. ती ऐकेना.

मग तिचं लग्न झालं. महाराष्ट्रात, बुऱ्हाणपूरहून चार तासांवर. बारावीला चांगले गुण मिळाले म्हणून तिला सरकारकडून लॅपटॉप मिळाला होता, तो तिच्या आईने रुखवतात मांडला, लाडवांचं ताट आणि मण्यांच्या तोरणाच्या मध्ये, हळदीकुंकू लावून. पाहुणे येता-जाता त्याच्याकडे बघून माना डोलवत होते. नवऱ्याचं शेतीच्या पंपांचं आणि मोटारींचं दुकान. घरात सासू-सासरे. स्थळ चांगलं आहे, असं सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो.

फोनवर ती लग्नानंतर कधी आमची वाटली नाही. "हो. बरं आहे. झालं जेवण. तुझं?" मागे कुणीतरी बसलेलं आहे हे आवाजावरून कळायचं. पण महिनाभराने एका दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, लालबागच्या पडद्यावर ओळ उमटली की डोईफोडिया खेळात आली आहे. लालबागने मला फोन करून ओरडून सांगितलं. मी शाळेतून आले होते, जेवायची होते, तशीच लॅपटॉप घेऊन बसले.

मग तो रोजचा नेम झाला. तिच्या सासरी दुपारचं सगळे आडवे होतात, तेवढ्या वेळात ती यायची. तिथे ती लिहायची ते मात्र तिचंच बोलणं असायचं. सासरी कुठल्या भाजीत गूळ घालतात, मास्तरकाकांचा गुडघा कसा आहे, बुधवाऱ्यात तो गोड दराबा अजून तसाच मिळतो का, माझ्या नवऱ्याने दाढी का वाढवली. लिहिता लिहिता हात शेतात चालू. एकदा तिने लिहिलं, "दिवसभरात मी एवढंच बोलते." आम्ही हसरे चेहरे पाठवले. मला ती थट्टा वाटली होती. लग्न झालेल्या, धडधाकट, पंचवीस वर्षांच्या मुलीला बोलायला एकच जागा उरली होती आणि ती लालबागच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

चारेक महिने गेले आणि तिचं नेट तुटायला लागलं.

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. सर्व्हर स्वतःची एक नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. कोण किती वाजता आलं, काय बोललं, कधी गेलं, सगळं त्यात जमा होतं. खेळातून नीट बाहेर पडलं की तो लिहितो, खेळाडू निघून गेला. पण कुणी काही न सांगता नाहीसं झालं, सर्व्हर विचारतोय आणि पलीकडून काहीच येत नाही, तर तो अर्धा मिनिट वाट बघतो आणि लिहितो, "टाइम्ड आउट". डोईफोडियाच्या पुढे रोज हेच येऊ लागलं. ती शेतात उभी असायची, आम्ही काहीतरी विचारलेलं असायचं, ती हलायची नाही, आणि थोड्या वेळाने एकदम दिसेनाशी व्हायची. कधी चाळीस मिनिटांनी, कधी सहा मिनिटांनी.

"नेट गेलं होतं ग," दुसऱ्या दिवशी ती लिहायची. "इकडे असंच आहे."

मला एवढं पुरे होतं. मी कामाला लागले.

आधी संशय लालबागच्या घरावर. राउटर बंद करून चालू केला, जागा बदलली, पंख्याच्या बोर्डावरून काढून दुसऱ्या बोर्डावर लावला. वायर तपासायला कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च धरली, तर वायर पूर्ण आत बसलेलीच नव्हती, आणि तिच्या खाचेत तांदळाचा एक दाणा अडकलेला, कुंकवाने लाल. दसऱ्याला मास्तरकाकांनी कॉम्प्युटरची पूजा केली होती आणि अक्षता पुढून वाहायच्या त्या वरून टाकल्या होत्या. मी चिमट्याने दाणा काढला. फेकायला निघाले तर मास्तरकाका म्हणाले, "देवाचं आहे, तुळशीत टाक." टाकला. वायर कट्ट आवाज करून बसली. मी लालबागला म्हणाले, आता तुटलं तर नाव बदलेन.

दुसऱ्या दिवशी डोईफोडिया एकोणीस मिनिटं होती. टाइम्ड आउट.

मग नवी वायर झाली. सर्व्हरला जास्त मेमरी देऊन झाली. नवऱ्याच्या फोनच्या इंटरनेटवर मी सलग तीन तास त्या जगात नुसती उभी राहिले. एकदाही तुटलं नाही. बाजारात, बसस्टँडवर, माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडून जाऊन पाहिलं. नाहीच तुटत. म्हणजे सर्व्हर धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. बिघाड तिच्या बाजूला होता, आणि तिथे माझा हात पोचत नव्हता.

मी तिला लिहून कळवलं की लॅपटॉपवरची आदेश टाइप करायची काळी खिडकी उघड, मी देते ती ओळ टाइप कर आणि दहा मिनिटं चालू दे, म्हणजे तुझ्याकडून इथवर निरोप पोचतायत की मधे गळतायत ते कळेल. "बघते," ती म्हणाली. चार दिवस बघतच होती. मी पुन्हा विचारलं.

"राहू दे ना यार," तिने लिहिलं. "थोडं थोडं चालतं. तेवढं बस झालं."

माझं डोकं फिरलं. मी इथे वायरी बदलते आहे, मेमरी वाढवते आहे, आणि हिला दहा मिनिटं जड झाली. मी लिहिलं, "तुला काहीच करायला नको. मग तुटलं म्हणून सांगू पण नको." खेळातलं तिचं माणूस केळीच्या ओळीत थांबलं. मग आलं, "सॉरी."

तिने मला सॉरी म्हटलं. मला तेव्हा बरं वाटलं, की चला, हिला चूक कळली.

त्यानंतर मी लॉगमधून तिच्या सगळ्या वेळा काढून एक तक्ता बनवला. तारीख, आली किती वाजता, तुटलं किती वाजता, मिनिटं. तुटलेल्या वेळा लाल रंगात. शेवटी शेरा. नियम सापडतो का म्हणून मी तो तक्ता वर-खाली करत बसायची. एक नियम सापडला होता, तो असा की त्यांच्या दुकानाला आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी ती कधीच येत नाही. मी शेरा लिहिला, "त्या दिवशी घरातले सगळे नेट वापरत असतील. लोड." मी शिकलेली बाई आहे आणि हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे.

एका दुपारी लालबागच्या घरी बसलो असताना मी म्हणाले, "मी तिच्या नवऱ्यालाच फोन करते. राउटर त्यांच्या घरी, इंटरनेटवाला त्यांच्या ओळखीचा. एका दिवसात होईल."

लालबाग कुठल्याशा पत्रिकेतला गणपती सरळ करत होती. तिने माउस सोडला. "त्यांना कशाला फोन करून राहिली? आधी तिला विचार."

"तिला विचारून काय होतं? ती सॉरी म्हणते."

"तरी पण. नको करू."

"का पण?"

लालबागने खांदे उडवले आणि पुन्हा गणपतीकडे वळली. दिवाळीला जिजाजींनी शुभेच्छांचा मेसेज पाठवला होता, त्यावरून नंबर होताच. मी तिच्यासमोरच लावला.

"जिजाजी, नमस्कार. मी बुरानपूरहून, तिची मैत्रीण. लग्नात भेटलो होतो ना आपण."

"हां हां, ताई, बोला ना." आवाज गोड. मागे दुकानात मोटार चालवून दाखवत असावेत, घरघर चालली होती.

"छोटंसं काम होतं. तुमच्या घरचं नेट दुपारचं तुटत असतं."

"आमचं? नाही हो. आमचं तर मस्त चालतं. पण दुपारी घरी कोण वापरतंय?"

"तीच वापरते ना. आम्ही तिघी खेळतो ऑनलाइन. दोन-सव्वादोनला ती रोज असते."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, इथेही तुटलं. मी "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे, ताई, ऐकतोय," ते म्हणाले. "रोज? केव्हापासून?"

मी महिना सांगितला.

"अच्छा. आणि अजून कोण असतं त्याच्यात?"

"आम्ही तिघीच."

"तिघीच. बरं. टाइम वगैरे काही आहे का तुमच्याजवळ? म्हणजे मला इंटरनेटवाल्याला नीट सांगता येईल."

माझ्याजवळ टाइम नसेल? मी अख्खा तक्ता पाठवला, आठ-नऊ महिन्यांचा, लाल खुणांसकट. त्यांचं उत्तर आलं, हात जोडलेले आणि खाली, "थँक्यू ताई. फार बारकाईने काम करता तुम्ही." तो मेसेज मी घरी जाऊन नवऱ्याला दाखवला.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन दहाला ती आली. शेतात उभी राहिली. तिने लिहिलं, "नेट नीट झालं. ह्यांनी बघितलं."

"बघ," मी लिहिलं. "मी कधीची सांगत होते."

ती शेतातल्या विहिरीपर्यंत चालत गेली, तिथे जरा थांबली, आणि मग लॉगमध्ये ओळ आली की खेळाडू निघून गेला. टाइम्ड आउट नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती नीट बाहेर पडली होती. मी घरात एकटीच होते आणि मी टाळी वाजवली.

त्यानंतर ती आली नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं पाहुणे असतील. आठवडा झाला. फोन लावला तर बंद. पुन्हा दोन दिवसांनी लावला तर सासूबाईंनी उचलला. "ती कामात आहे. सांगते तिला." मी तीनदा लावला, तिन्ही वेळा तेच, अगदी त्याच चालीत.

लालबागने बोलावलं म्हणून मी तिच्याकडे गेले. ती मला खुर्ची देऊन स्वतः पलंगावर बसली. म्हणाली, "तुझा लॅपटॉप उघड. फोनचं नेट जोड आणि सर्व्हरवर ये." मी आले. तिच्या मोठ्या पडद्यावर माझं माणूस दिसत होतं, डोईफोडियाच्या शेतात बांधावर उभं.

"आता झाकण मिट," ती म्हणाली. "काही बंद नको करू. नुसतं झाकण खाली कर."

"कशाला?"

"कर तर."

मी लॅपटॉप मिटला. मोठ्या पडद्यावर माझं माणूस होतं तिथेच उभं राहिलं. हलत नव्हतं. आम्ही दोघी बघत होतो. अर्धा मिनिट एवढा लांब असतो हे मला माहीत नव्हतं. मग ते नाहीसं झालं आणि लॉगमध्ये ओळ उतरली. टाइम्ड आउट. माझ्या लाल तक्त्यात शंभरदा लिहिलेली, तीच.

"सासू उठली, की गेट वाजलं, की ती झाकण मिटत होती," लालबाग म्हणाली. "खेळ बंद करायला पण टाइम नसेल भेटत तिला."

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं."

"मग बोलली का नाही?"

"तिनेच सांगितलं नाही," ती म्हणाली, "तर मी कशी बोलू?"

हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. आमच्या घरात मी हेच बघत मोठी झाले. आत्याचा सासरहून फोन आला आणि मधेच तुटला, की आजी लगेच म्हणायची, "रेंज गेली असेल." आणि फोन ठेवून द्यायची. परत लावायची नाही, कुणाला लावू द्यायची नाही. सासरी गेलेल्या मुलीचा फोन तुटला की तो रेंजमुळेच तुटतो, असं आमच्याकडे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. त्यात दोन्ही घरांची लाज राहते, आणि मुलीला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करता येतो. डोईफोडियाने आम्हाला तेच सांगितलं होतं, नेट गेलं. लालबागने ते ऐकून घेतलं. मी पक्कड घेऊन उठले.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून त्या सुमारास मी तिच्या गावी गेले. ती आलेली नव्हती. तिची आई अंगणात शेवया वाळत घालत होती, मला बघून उठली, हात पुसले.

"येणार होती अखाजीले," ती म्हणाली. "जावई म्हणे, दुकानात काम हाये. फोन बी लागत नाही. रेंज नसते तिकडे."

असं म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काही विचारू नये असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "तो लॅपटॉप नणदेकडे देऊन टाकला म्हणे. पडूनच होता म्हणे."

मी सांगायलाच गेले होते, आणि सांगितलं. फोन मी केला, वेळा मी पाठवल्या, सगळं. तिला तक्ता म्हणजे काय ते कळलं नसेल, पण बाकीचं कळलं. ती शेवयांवरचं फडकं सारखं करत राहिली.

"तुले काय माहीत, बाई," एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

डोईफोडियाला मी पुन्हा पाहिलं ते त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, बुऱ्हाणपूरलाच, कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या भावाच्या लग्नात. भर दुपारी, जेवणं चालू असताना. चांगली साडी, अंगावर दागिने, तब्येत सुधारलेली. मला आधीचं काही माहीत नसतं तर मी म्हटलं असतं, मजेत आहे. हात धुवायच्या जागी आम्हाला दोन मिनिटं मिळाली. मी तिचा ओला हात धरला.

"अग सोड, पाणी लागतंय," ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "मी तुला सांगायला पाहिजे होतं. पण तिथे लिहिलं असतं तर ते लॉगमध्ये राहिलं असतं ना. म्हटलं कुणाच्या हाती लागलं तर?"

ती कॉम्प्युटर शिकली होती. तिने एवढा विचार केला होता. तिच्या हिशेबात धरायचं राहून गेलं ते एकच, मी.

"सर्व्हर चालू आहे," मी म्हणाले. "लालबाग बंद करत नाही. तू कुणाच्याही फोनवरून..."

"नको," ती म्हणाली. "आता नको ते." आणि तिने चेहरा बदलला, कारण जिजाजी येत होते.

ते आले ते हसतच. मी गोड घेतलं नाही म्हटल्यावर वाढप्याला हाक मारली. मग म्हणाले, "ताई, तुमच्यामुळेच डोळे उघडले बघा. दुकानात बसून घरात दुपारी काय चालतं ते कळतच नाही माणसाला. मग मी कॅमेरेच लावून घेतले." त्यांनी फोन काढला. पडद्यावर चार चौकोन होते. गेट, अंगण, स्वयंपाकघर, आणि चौथा काळा. "हा मधल्या खोलीचा. लाइट जाऊन आली की बंद पडतो. माणूस दोनदा येऊन गेला, त्याला काही समजलं नाही. तुम्ही जरा बघाल का?"

मला एका नजरेत कळलं. लाइट जाऊन आली की राउटर त्या कॅमेऱ्याला नवा पत्ता देत होता आणि फोन त्याला जुन्या पत्त्यावर शोधत होता. शाळेतल्या पोरांनाही जमेल असं काम. मी हात मागे घेतला. म्हणाले, "मला कॅमेऱ्यातलं नाही समजत."

जिजाजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिथेच बघत राहिले.

"बघ ना ग," डोईफोडिया म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुला येतं ते."

मी फोन घेतला. राउटरच्या ॲपमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा पत्ता कायमचा एक करून टाकला. दोन मिनिटंही लागली नाहीत. काळा चौकोन उजळला. खोलीत एक दिवाण होता, भिंतीला टेकून शिलाई मशीन, मशीनवर घडी घातलेलं कापड. कुणी नव्हतं, ते सगळे लग्नाला आले होते. जिजाजींनी चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, मशीन, दिवाण, दिवाणामागची भिंत.

"एकदम क्लिअर," ते तिला म्हणाले. ती हो म्हणाली.

मग त्यांनी विचारलं म्हणून, पुन्हा कधी बंद पडलं तर काय करायचं, तेही मी त्यांना समजावून सांगितलं.